पंख्याखालची जागा

आमच्या ऑफिसात ‘अचानक’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. बंदी मॅनेजरसाहेबांनी घातली नव्हती, चाचांनी घातली होती, म्हणून ती पाळली जायची. कुणाचा कॉम्प्युटर रुसला की तो चाचांच्या दारात जाऊन म्हणायचा, “चाचा, अचानक स्क्रीन काळा झाला.” चाचा वर बघायचेसुद्धा नाहीत. “भायेर जा, नि परत ये,” एवढंच म्हणायचे. माणूस निमूट बाहेर जायचा, परत यायचा आणि मग नीट सांगायचा की आधी काय उघडलं होतं, कोणतं बटण दाबलं आणि तेव्हा चहाचा कप कुठे ठेवला होता. चहाचा विषय निघाला की चाचांचं अर्धं काम झालेलं असायचं.

केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याच्या कडेला आमची डेअरी. गावोगावच्या केंद्रांवरून टँकरनं दूध यायचं. कोणता टँकर कोणत्या गावाला कधी जाणार याचं रोजचं वेळापत्रक करणं हे माझं काम, आणि डेअरीतले सगळे कॉम्प्युटर धडधाकट ठेवणं हे चाचांचं. त्यांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं. त्यांच्यासारखा दुसरा माणूस मिळत नाही म्हणून साहेब त्यांना वर्षावर्षाची मुदतवाढ देत. खरं म्हणजे दुसरा कुणी शोधलाच नव्हता.

इमारतीत एसी एकच, तोही सर्व्हरच्या खोलीत, आणि चाचांची खुर्ची त्याच खोलीत. त्यामुळे नगरच्या मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, चाचा हातानं विणलेला तपकिरी स्वेटर घालून बसलेले असत. उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या तक्रारी एकदम वाढायच्या. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि चाचांनाही. ते तक्रार सावकाश ऐकून घेत, माणसाला जरा निवू देत आणि मग म्हणत, “झालं ना थंड? आता जा. मशीनीला काई झालेलं न्हाई.”

नगरच्या जुन्या वस्तीतून ते सायकलवर यायचे. मोबाईल होता, पण तो हरवू नये म्हणून घरी कपाटात ठेवलेला असायचा. लोणच्याच्या एका बरणीत त्यांनी आजवर उरलेला एकूण एक स्क्रू जपून ठेवला होता. एखादं मशीन दुरुस्त करून बंद केलं आणि एखादा स्क्रू उरला की ते खूश व्हायचे. कंपनीवाले जास्तीचे लावतात असं त्यांचं पक्कं मत होतं. चूक मात्र त्यांनी कधी कबूल केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. एकदा त्यांनी नवा प्रिंटर जोडला आणि प्रत्येक कागद उलटा छापून यायला लागला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना कागद उलटा धरून वाचायला लावला होता.

मी पाथर्डीकडची. गावाहून एसटीनं नगरला यायचं आणि तिथून रिक्षानं केडगाव. कितीही धावपळ केली तरी ऑफिसात पोचेपर्यंत सगळे बसून स्थिरस्थावर झालेले असत. पहिल्याच दिवशी चाचांनी मला गाव विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, मग तुला समजायला सोपं जाईल, तुमच्याकडचे लोक उसाला जातात ना. उसाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, हे मला कळेना. त्यांनी समजावलं. आमच्या ऑफिसात कुणाचं मशीन ठरलेलं नव्हतं, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. आपलं नाव आणि पासवर्ड घातला की आपल्या फाईली, आपली चित्रं, आपली मांडामांड सगळं सर्व्हरवरून त्या मशीनवर यायचं आणि संध्याकाळी बंद करताना परत सर्व्हरवर जायचं.

“तू कुठंबी टेक, तुझं बिऱ्हाड तिथं येनार,” चाचा म्हणाले. “जाताना ते नीट बांधून माझ्याकडं दे. पसारा टाकून पळू नको.”

बिऱ्हाड म्हटल्यावर मला खरंच लगेच कळलं. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून कारखान्याकडे जायची. सगळा संसार एका ट्रकमध्ये मावायचा आणि जिथे उतरेल तिथे मांडला जायचा. चाचांनी केलेली ही तुलना ऑफिसात इतकी रुळली की ‘प्रोफाइल’ हा शब्द कुणी वापरेनासंच झालं. माझं बिऱ्हाड उघडत नाही, माझं बिऱ्हाड जड झालंय, अशाच तक्रारी व्हायच्या. नवीन माणसाला वाटायचं, इथे सगळ्यांच्या घरी काहीतरी गंभीर चाललंय.

आता जागेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथून झालं. हॉलमध्ये पंखे चिक्कार होते, पण फिरणारे थोडे. त्यांच्याखालची मशीनं जवळपास राहणारे लोक सकाळीच पटकावत. लांबून एसटीनं येणाऱ्यांच्या वाट्याला बॉयलरच्या भिंतीकडची तापलेली रांग यायची. चाचांना हे बिलकूल खपायचं नाही. जागा धरणं हा त्यांचा जुना शौक होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ते आपण सगळेच करतो, पण चाचांनी म्हणे एका लग्नाला जाताना बायकांच्या अख्ख्या घोळक्यासाठी जागा धरल्या होत्या. रुमाल, टोपी, छत्री, पिशवी सगळं टाकून झालं, तरी एक आजी उरल्या. तेव्हा त्यांनी पायातली चप्पल टाकली आणि स्वतः एका पायात चप्पल घालून दारात उभे राहून गेले. ही हकिकत ते फार अभिमानानं सांगायचे.

ऑफिसात रुमाल टाकून भागत नाही, कुणीही उचलून बाजूला ठेवतो. पण मशीनवर एखाद्याचं नाव उघडलेलं असलं की दुसरा तिथे बसायला कचरतो. म्हणून चाचा सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि लांबून येणाऱ्यांच्या नावानं पंख्याखालची मशीनं उघडून ठेवत. पासवर्ड त्यांनीच दिलेले असल्यामुळे त्यांना सगळ्यांचे पाठ होते. माझी जागा तर ते फारच निगुतीनं धरायचे. नुसतं नाव घालून थांबायचे नाहीत, टँकरच्या वेळापत्रकाची फाईलही उघडून ठेवायचे. घामाघूम होऊन आत यावं तर पंखा गरगरतोय आणि काम समोर मांडून ठेवलेलं, असं सुख मला सासरी-माहेरी कुठेच मिळालेलं नव्हतं.

अशात माझं बिऱ्हाड बिघडायला लागलं. रोज नाही, कधीमधी. सकाळी बघावं तर आदल्या दिवशी केलेलं सगळं काम गायब आणि वेळापत्रक आदल्या सकाळी होतं तसंच्या तसं. दोन आठवडे काही व्हायचं नाही, आणि मग लागोपाठ दोन दिवस व्हायचं. मी निमूटपणे पुन्हा करून टाकायचे. एकदा मात्र उशीर झाला होता, मी न बघताच कागद छापून ड्रायव्हरांच्या हातात दिला. तो जुना निघाला. एकाच गावाला दोन टँकर गेले आणि करंजी घाटाखालच्या एका गावातलं दूध टँकरची वाट बघत उन्हात नासलं. त्या गावच्या लोकांनी फोनवर साहेबांना जे ऐकवलं ते मला केबिनच्या बाहेर ऐकू येत होतं.

माझी उमेदवारीची मुदत तेव्हा संपत आली होती. साहेबांनी मला आत बोलावलं. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते, पण त्यांना कारणं ऐकायची सवय नव्हती. मी काम केलं होतं आणि ते नाहीसं झालं, हे मी सांगितलं, तर ते म्हणाले की शाळेत त्यांचा गृहपाठही असाच नाहीसा व्हायचा. पुन्हा एकदा असं झालं तर कायम होण्याचं विसरून जा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरी माझी नोकरी सासूबाईंच्या डोळ्यांत आधीच सलत होती. इतक्या लांब कशाला जायचं, हे त्यांचं पालुपद. नोकरी गेली असती तर ती पुन्हा मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी मला कुणी जाऊ दिलं नसतं. मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन रडले.

“इथं रडू नको, मशीनीला ओल लागंल,” चाचा म्हणाले. मग स्वेटरच्या बाह्या वर करून उठले आणि म्हणाले, हा बिघाड मी धरनार.

पुढे जे सुरू झालं ते महिनाभर ऑफिसची करमणूक होतं. आधी संशय उंदरांवर गेला. चाचा पोटावर सरपटत टेबलाखालून वायरी तपासत फिरले आणि बायका पाय वर घेऊन बसल्या. उंदीर सापडला नाही, कुणाचं तरी हरवलेलं कानातलं सापडलं. मग बॉयलरवर. बॉयलर सुरू झाला की वीज झटका खाते असं म्हणून ते दोन दिवस बॉयलरपाशी कान लावून बसले. मग बिऱ्हाडं जड झालीत असा निष्कर्ष निघाला आणि ज्याच्या त्याच्या मशीनवरचे लग्नाचे व्हिडिओ, बारशाचे फोटो, कीर्तनं सगळं बाहेर काढण्यात आलं. स्टोअरमधल्या एकांनी मेहुणीच्या लग्नाचं चित्रीकरण वाचवायला चाचांना तीन मजली डबा आणून दिला. चाचांनी डबा खाल्ला आणि चित्रीकरण काढलं. शेवटी कुणीतरी म्हणालं की बिघाड शनिवारीच होतो, शिंगणापूरला तेल वाहून यावं, थोडं सर्व्हरलाही लावावं. चाचा म्हणाले, तेल उरलंच तर माझ्या गुडघ्याला लावा, सर्व्हरजवळ बाटली दिसली तर बघा.

मधल्या काळात बिघाड आणखी एकदा झाला. मी वेळेत पाहिलं म्हणून निभावलं, पण माझी झोप उडाली. चाचांची त्याहून जास्त. त्यांनी एक दिवस दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं. चोर सापडत आलाय, म्हणाले. बिघडलेली फाईल त्यांनी उलटीसुलटी तपासली होती. संध्याकाळी मी घरी गेल्यावर ती कुणीतरी पुन्हा जतन केली होती, आणि तीही पंख्याखालच्या मशीनवरून. म्हणजे बिघाड बिघाड नव्हताच, हे कुण्या माणसाचं काम होतं. चाचा हात मागे बांधून येरझाऱ्या घालायला लागले.

“हा मानूस आळशी न्हाई,” ते म्हणाले. “सकाळी समद्यांच्या आधी येतो. संध्याकाळी शेवटी जातो. ह्याला पासवर्ड ठाऊक हाय. मशीनीला हात लावायला ह्याचा हात थरथरत न्हाई. लई हुशार मानूस हाय.”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. चाचांना वाटलं, चोर हसला. ते तरातरा पंख्याखालच्या त्या मशीनपाशी गेले आणि चोरानं काय केलं ते सगळ्यांना दाखवायला बसले. हा सकाळी येतो, हिच्या नावानं मशीन उघडतो, फाईल उघडतो. ही त्या दिवशी इथे बसतच नाही, कारण खाली धक्क्यावर दूध उतरवून घेणारा माणूस रजेवर असला की हिला तिथे बसवतात. ही दिवसभर खालच्या मशीनवर काम करते, बिऱ्हाड बांधते, घरी जाते. नवं काम सर्व्हरवर पोचतं. वर मात्र सकाळची जुनी फाईल उघडी ती उघडीच. मग संध्याकाळी हा माणूस सगळी मशीनं बंद करत येतो. फाईलीत आपोआप बदलणारी तारीख आहे, म्हणून मशीन विचारतं, जतन करू का. आणि हा म्हणतो...

चाचांचं बोट ‘हो’वर होतं. ते तिथेच राहिलं.

मशीननं विचारलं की हो म्हणायचं, नाही म्हणायला आपण काय वैरी आहोत का, हे चाचांचंच वाक्य होतं. ते त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. चाचांनी बोट हळूच बाजूला घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बेटा, तुझी जागा धरता धरता मी तुलाच उठवत हुतो.”

मला राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. एवढे दिवस मी स्वतःला वेडी समजत होते. पण ज्यानं जन्मात चूक कबूल केली नाही त्या माणसाचा चेहरा समोर तसा झालेला बघून मला रागावता आलं नाही.

ते तसेच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मला ओढत नेलं. दोष माझा, हिला कायम करा, म्हणाले. साहेब हसले. चाचा आणि चूक या दोन गोष्टी एकत्र असू शकतात यावर त्यांचा विश्वासच बसेना. तुम्हाला या मुलीची माया आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तुम्ही अंगावर घेताय, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. नको ते औदार्य इथे दाखवू नका. चाचांचा अपमान झाला. आपण दोषी नाही असं कुणी म्हणणं त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी साहेब सकाळपासून केबिनमध्ये कोंडून घेऊन भाषण लिहीत होते. दूध उत्पादकांचा मेळावा तोंडावर आला होता. दिवसभर त्यांनी कुणालाही भेट दिली नाही. संध्याकाळी ते स्वतःवर बेहद्द खूश होऊन घरी गेले. त्याच्या पुढच्या सकाळी केबिनमधून जो आवाज आला, तो ऐकून बॉयलरवरचा माणूससुद्धा धावत आला. भाषणात ‘माझ्या दूध उत्पादक शेतकरी बंधू-भगिनींनो’ एवढंच शिल्लक होतं. पुढे कोरं.

चाचा दारात उभेच होते. त्यांनी आदल्या दिवशी साहेबांच्या नावानं पंख्याखाली जागा धरली होती. भाषणात नुसता मायना होता तेव्हाच ती फाईल उघडून ठेवली, संध्याकाळी एक टिंब वाढवलं आणि मशीननं विचारल्यावर हो म्हणून टाकलं.

“झालं ना सिद्ध, साहेब?” ते म्हणाले. “आता बोला, हिचा गृहपाठ खरा हुता का खोटा?”

चाचांनी आवाज खाली आणून सांगितलं की भाषणाची नक्कल त्यांनी आधीच काढून वेगळी ठेवली आहे, त्यातला शब्दही हललेला नाही. पण ती शोधायला जरा वेळ लागेल. तेवढ्या वेळात साहेबांनी मला कायम करण्याच्या कागदावर सही करून टाकावी. साहेबांनी चाचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि सही केली. चाचांनी ती नीट न्याहाळली, शाई वाळेपर्यंत फुंकली आणि मग खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. शोधायला मुळीच वेळ लागला नाही.

मी कायम झाले. भाषण छान झालं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण साहेब ते विसरले नाहीत आणि विसरावं असं ते नव्हतंही. त्या वर्षी चाचांची मुदतवाढ झाली नाही. वय झालंय त्यांचं, पुण्याची एक कंपनी आता बघेल, असं जाहीर झालं. मी साहेबांना भेटायला निघाले तर चाचांनी मला दारातच अडवलं. तुझी सही वाळलेली आहे, ती ओली करू नको, म्हणाले. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती, कारण त्यांनी अडवल्याचं मला मनातून बरंच वाटलं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक एक करून सगळ्यांना आपापला पासवर्ड बदलायला लावला. माझी पाळी आली तेव्हा मी पंख्याखाली बसले होते. चाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा झालेल्या मुलासारखे, आणि मी टाईप करत असताना उगीचच मोठ्यानं खाकरत राहिले, म्हणजे बटणांचा आवाजही कानावर पडू नये. झाल्यावर मला उठवून ते स्वतः खुर्चीत बसले. खात्री करून बघतो, म्हणाले.

त्यांनी माझं नाव घातलं आणि पासवर्डच्या जागी माझ्या गावाचं नाव घातलं. मशीननं नाही म्हटलं. माझ्या मुलीचं नाव घातलं. नाही म्हटलं. मग माझ्याकडे तिरकं बघून सासूबाईंचं नाव घातलं, आणि आम्ही दोघंही हसलो. मशीन आपलं नाहीच म्हणत होतं. चाचा पडद्यावरच्या त्या तांबड्या अक्षरांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखादं बंद पडलेलं मशीन सुरू झाल्यावर असायचा तसा आनंद होता.

“शाब्बास,” ते म्हणाले. “आता माझ्यानंबी तुझी जागा धरवत न्हाई. लवकरची गाडी पकडत जा.”

मी हो म्हटलं. ते खुर्चीवरून उठले आणि त्यांनी ती बाहीनं पुसून माझ्याकडे सरकवली. पासवर्ड तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आला होता.